कृपया फक्त अक्षरे वापरा

ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी नेहमीसारखं या भागाचं शब्दांकन देतोय. बोलताना मी दोनतीनदा भलतीकडेच गेलो होतो, तेवढं छाटलंय. कोड मात्र बोलताना जसा उच्चारला तसाच ठेवलाय.

दर महिन्याला एक मेसेज हमखास येतो. "दादा, वेब डेव्हलपमेंट शिकायचंय, चांगले रिसोर्सेस सांग ना." मी चार लिंक पाठवतो. समोरून "थँक्स दादा" येतं, लिंक सेव्ह होतात आणि बहुतेकदा तिथेच राहतात. यात पाठवणाऱ्याचीही चूक आहेच. नुसत्या लिंकवरून ती जागा कोणी उभी केली, कधी केली आणि तिथलं काय शिळं झालंय हे कळत नाही. म्हणून आज यादी देत नाही. या जागा आल्या कुठून, ते सांगतो. त्यातून कोणावर किती भरवसा ठेवायचा याचा थोडा अंदाज येईल.

सुरुवात माझ्या फजितीपासून करू.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सहकारी पतसंस्थेसाठी सभासद नोंदणीचा फॉर्म माझ्याकडे आला. फॉर्म मराठीत. नावाच्या रकान्यात कोणी आकडे किंवा चिन्हं टाकू नयेत म्हणून मी एक रेगेक्स लावला, म्हणजे कोणती अक्षरं चालतील ते सांगणारा साचा. मोठा ए ते झेड, छोटा ए ते झेड आणि स्पेस. ही ओळ मी लिहिलेली नव्हती. सर्च केलं, वरचं उत्तर उघडलं, हिरवी टिकमार्क दिसली, उचलली. टेस्टिंग केलं ते माझं स्वतःचं नाव इंग्रजीत टाकून. चाललं की!

फॉर्म सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी शाखेतून फोन माझ्याकडे वळवला गेला. तालुक्याच्या गावातल्या एक बाई होत्या. त्यांनी आपलं नाव मराठीत लिहिलं होतं आणि खाली लाल अक्षरांत आलं होतं, "कृपया फक्त अक्षरे वापरा." तो संदेशही मीच लिहिलेला. बाई रागावल्या नव्हत्या, जरा गोंधळल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, मी अक्षरंच लिहिलीत की."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सॉरी म्हणालो, फोन ठेवला आणि मग पहिल्यांदा त्या उत्तराची तारीख बघितली. बरीच जुनी होती. लिहिणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याने ते लिहिलं तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये "हे कुठल्याही लिपीतलं अक्षर आहे का?" असं विचारायची सोयच नव्हती. त्याने त्याच्या वर्षाचं उत्तर दिलं होतं, मी ते माझ्या वर्षात वापरलं.

आता मागे जाऊ. बरंच मागे.

मार्च १९८९. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा पहिला प्रस्ताव मांडला. १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर त्यांचा पहिला ब्राउझर चालू लागला. या ब्राउझरबद्दल एक गोष्ट आपण विसरतो: तो एडिटरही होता. पान वाचायचं आणि तिथेच बदलायचं. एचटीएमएलचे टॅग माणसं हाताने टाइप करत बसतील असं बर्नर्स-ली यांना वाटलंच नव्हतं. लोक तसं करायला लागले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं. पण नेक्स्टचे संगणक फार थोड्यांकडे होते. निकोला पेलो या विद्यार्थिनीने कुठल्याही साध्या टर्मिनलवर चालेल असा ब्राउझर लिहिला, तो फक्त वाचण्यापुरता होता. १९९३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी मोझॅक केला. वेब घराघरांत गेलं ते याच्यामुळे, आणि मोझॅकमध्येही एडिटर नव्हता.

म्हणजे लिहायची सोय गेली. राहिली ती पानाचा सोर्स बघायची सोय. माझ्या मते वेब डेव्हलपरांचं पहिलं पाठ्यपुस्तक हेच. एखादं पान आवडलं की सोर्स उघडायचा, कॉपी करायचा, आपल्या फाइलमध्ये टाकायचा, एक टॅग बदलून काय होतं ते बघायचं. कोणाची परवानगी नको, फी नको. आज हे कंट्रोल आणि यू दाबून होतं.

फी नको, हे मी सहज बोलून गेलो, पण ते आपोआप झालेलं नाही. त्या काळी गोफर नावाची दुसरी एक पद्धत इंटरनेटवर जोरात होती, मिनेसोटा विद्यापीठाची. १९९३ च्या सुरुवातीला विद्यापीठाने गोफर सर्व्हरच्या काही वापरांसाठी लायसन्स फी घ्यायचं ठरवलं आणि लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. गोफर मागे पडायला इतरही कारणं होती, पण हे एक मोठं.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी मोठी गोष्ट म्हणजे एचटीएमएलचा स्वभाव. कॉलेजात सी शिकताना एक सेमिकोलन राहिला तरी प्रोग्रॅम चालायचा नाही, आठवतंय ना? एचटीएमएलमध्ये टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर अंदाज बांधतो आणि काहीतरी दाखवतोच. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर काहीतरी दिसणं ही नवशिक्यासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. तोटा असा, की प्रत्येक ब्राउझरचा अंदाज वेगळा. २००० मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, एक्सएचटीएमएल आणलं: व्याकरण कडक, आणि पान खरोखर एक्सएमएल म्हणून पाठवलं तर एका चुकीवर सगळं पान अडायचं. लोकांनी ते नावापुरतं घेतलं. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा इथल्या मंडळींनी व्हॉटडब्ल्यूजी नावाचा वेगळा गट केला. या गटाचं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे त्यांनी चुका कशा वाचायच्या हेही लिहून ठेवलं. चुकलेलं एचटीएमएल सगळ्या ब्राउझरांनी एकाच पद्धतीने कसं समजून घ्यायचं, त्याच्या पायऱ्या आज प्रमाण दस्तऐवजात आहेत. तो दस्तऐवज फुकट आहे, उघडा आहे. एकदा उघडून बघा. सगळा समजणार नाही, मलाही समजत नाही, पण "ब्राउझर असं का करतो?" या प्रश्नाचं शेवटचं उत्तर तिथे असतं.

आता टिप्सकडे येऊ. टिप्सचा इतिहास म्हणजे जुगाडांचा इतिहास. पानाची मांडणी करायला सुरुवातीला काहीच साधन नव्हतं, म्हणून लोक टेबल वापरायचे. दोन गोष्टींत जागा सोडायची तर एक पिक्सेल बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र टाकून ते ताणायचं. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने ही युक्ती जगभर पसरवली. त्याच वर्षी डिसेंबरात सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण झाली, पण ब्राउझरांनी ती अर्धीमुर्धीच घेतली. पुढे ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला आणि त्यानंतरचा ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. मधली पाच वर्षं जगभरचे डेव्हलपर त्या एका ब्राउझरच्या खोड्या पाठ करत होते. ब्लॉगवर टिप्स लिहिल्या गेल्या, त्यांना नावं पडली, पुस्तकांत छापल्या गेल्या.

हे ब्राउझर गेले, टिप्स राहिल्या. माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टच्या स्टाइलशीटमध्ये जागोजागी "झूम, कोलन, एक" अशी ओळ होती. का? सीनियरच्या फाइलमध्ये होती म्हणून. त्याच्या फाइलमध्ये त्याच्या सीनियरकडून आलेली. ती जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या मांडणीतल्या एका बगवरचा इलाज होती, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आमच्या लॅबमध्ये तो ब्राउझर कोणी वापरतही नव्हतं. सीएसएस ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत एकाच महिन्यात आलं, तेव्हा कॉलेजात आम्ही फ्लोट लावून कॉलम बसवायचो आणि खाली क्लिअरफिक्स टाकायचो. दोषच द्यायचा तर मी तो आमच्याकडे टिप्स ज्या पद्धतीने पोचतात, तिला देईन. ओळ पोचते, कारण मागेच राहतं.

याच काळातलं एक उलट उदाहरण सांगतो. मे २००३ मध्ये डेव्ह शे यांनी सीएसएस झेन गार्डन ही साइट सुरू केली. एचटीएमएल एकच, त्याला हात लावायचा नाही. फक्त स्टाइलशीट बदलून पान पूर्ण वेगळं करून दाखवायचं. जगभरातून लोकांनी डिझाइन पाठवली. "टेबल सोडा" असं सांगणारे लेख ढिगाने होते, पण पटवलं ते या साइटने, आणि तिथेही शिकायचं कसं, तर सोर्स उघडून. ती अजून आहे. नव्या मुलांना मी अजूनही दाखवतो.

इथे मराठीचा विषय काढायलाच हवा, कारण सोर्स बघून शिका हे सगळं इंग्रजी पानांपुरतं खरं होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरही काही वर्षं भारतीय भाषांतली बरीच पानं खास फाँटवर चालायची. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले, काना इथे, अर्धा श तिथे. तो फाँट संगणकावर असेल किंवा पानाबरोबर ब्राउझरने उतरवून घेतला असेल तर मजकूर मराठीत दिसायचा, नाहीतर नुसता कचरा. सोर्स उघडला तर कचराच. पानावर मराठी दिसतंय, पण संगणकाच्या लेखी तिथे मराठीचं एकही अक्षर नाही. सर्च करता यायचं नाही, दुसऱ्या फाँटमध्ये चिकटवता यायचं नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, विंडोजमध्ये ती नीट दिसायची सोय विंडोज २००० बरोबर मंगल फाँटसकट आली, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. हळूहळू पानं युनिकोडवर आली. मला फोन करणाऱ्या बाईंनी मोबाइलवर जे नाव टाइप केलं, त्यातलं प्रत्येक अक्षर संगणकाला अक्षर म्हणून कळत होतं. अडवत होती ती माझी ओळ.

बरं, आता कागदपत्रांकडे. म्हणजे डॉक्युमेंटेशन. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सगळ्यात कमी सांगितला जातो.

जावास्क्रिप्ट नेटस्केपमध्ये जन्मली. मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचं पहिलं रूप उभं केलं, हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. तिची माहिती नेटस्केपच्या डेव्हएज या साइटवर होती: भाषेचं मार्गदर्शक, संदर्भ, ब्राउझरांतले फरक सांगणारे लेख. पुढे एओएलने नेटस्केप विकत घेतलं, २००३ मध्ये ब्राउझरचं काम गुंडाळलं आणि २००४ मध्ये डेव्हएज बंद केली. जगातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी भाषा असं आज आपण जिला म्हणतो, तिची मूळ कागदपत्रं एका कंपनीला नकोशी झाली म्हणून इंटरनेटवरून उतरवली गेली. मोझिला फाउंडेशनने एओएलशी बोलणी करून तो मजकूर वापरायची परवानगी मिळवली आणि २००५ मध्ये डेब रिचर्डसन यांच्या पुढाकाराने तो विकीवर यायला लागला. त्याचंच पुढे एमडीएन झालं. परवानगी मिळाली नसती तर काय झालं असतं? कोणीतरी पुन्हा लिहिलं असतं कदाचित. किती वर्षांत, देव जाणे.

मधल्या काळात नवशिके जायचे ते डब्ल्यूथ्रीस्कूल्सवर. नॉर्वेतल्या एका छोट्या कंपनीने १९९८ मध्ये सुरू केलेली साइट. नावामुळे ती डब्ल्यूथ्रीसीचीच वाटते, पण तिचा त्यांच्याशी संबंध नाही. २०११ च्या सुरुवातीला काही नामवंत डेव्हलपरांनी तिच्यातल्या चुकांची जाहीर यादी करणारी साइटच काढली. पुढे बऱ्याच चुका दुरुस्त झाल्या आणि टीकाकारांचा सूरही मवाळ झाला. तिला नाक मुरडायची आपल्याकडे फॅशन आहे. मला ती पटत नाही. डावीकडे कोड, उजवीकडे निकाल, मध्ये एक बटण. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या मुलाला यापेक्षा काय हवं होतं? मीही तिथूनच सुरुवात केली. फक्त तिथे राहू नका. काय करायचं ते तिथे चटकन कळतं. का आणि कुठे चालत नाही, ते एमडीएनवर कळतं.

सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच जागा करायचा प्रयत्नही झाला. २०१२ मध्ये डब्ल्यूथ्रीसीच्या छताखाली ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला वगैरे मोठमोठी नावं एकत्र आली, वेब प्लॅटफॉर्म डॉक्स सुरू झालं, आणि २०१५ मध्ये बंदही झालं. टिकलं ते एमडीएन. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि सॅमसंग त्याच्या सल्लागार मंडळावर आले. मायक्रोसॉफ्टने आपली हजारो पानं बंद करून वाचकांना सरळ एमडीएनकडे वळवलं. आता सगळे एकाच विहिरीवर.

आणि ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे लोकांना कमी केलं. त्यात एमडीएनवर पूर्णवेळ लिहिणारे बरेचसे लोक होते. तेव्हा मी नोकरीत नवा होतो, घरून काम चाललं होतं. टीमच्या ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकली. दोन मिनिटं शांतता, मग कोणीतरी लिहिलं, "मग आता अपडेट कोण करणार?" दिवसातून दहादा आम्ही ती साइट उघडत होतो आणि ती पानं पगारावर माणसं लिहितात हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सगळा मजकूर विकीवरून गिटहबवर हलवला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये ओपन वेब डॉक्स नावाची संघटना उभी राहिली. तिने देणग्यांवर यातल्या काही लेखकांना पुन्हा कामाला लावलं. आज तुम्ही एमडीएनवर जे वाचता, त्याच्यामागे मोझिलाबरोबर हे लोक आणि जगभरातले स्वयंसेवक आहेत. प्रत्येक पानाच्या तळाशी गिटहबची लिंक असते. चूक दिसली तर तिथून दुरुस्ती पाठवता येते. एमडीएनवर भाषांच्या यादीत जपानी आहे, कोरियन आहे, रशियन आहे, चिनी दोन प्रकारची आहे. भारतीय भाषा एकही नाही.

यानंतर स्टॅक ओव्हरफ्लो. २००८ च्या आधी अडलेल्या प्रश्नाचं उत्तर सर्च केलं की एक्स्पर्ट्स एक्स्चेंज नावाची साइट वर यायची आणि उत्तर झाकलेलं असायचं, पैसे भरा म्हणायची. या चिडीतूनच जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सप्टेंबर २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो खुलं केलं. उत्तरं उघडी, मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स, चांगल्या उत्तराला मतं. प्रश्न विचारणारा नवखा असेल तर तिथे कधीकधी फार फटकारून बोललं जायचं, तेही खरं. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तिथे एकही प्रश्न विचारला नाही, नुसतं वाचलं. भीतीच वाटायची.

त्याची खरी अडचण मात्र वेगळी. मतं साठत जातात, कमी होत नाहीत. २०१० मधल्या उत्तराला दहा वर्षांची मतं मिळालेली असतात, २०२० मधल्या जास्त बरोबर उत्तराला दोन. हिरवी टिकमार्क तर प्रश्न विचारणाऱ्याने त्या दिवशी दिलेली. ते स्वीकारलेलं उत्तर सगळ्यात वर चिकटवून ठेवण्याची पद्धत त्यांनी २०२१ मध्ये सोडली. तोवर माझ्यासारख्यांनी काय काय उचललं असेल!

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. आठवड्याभरातच स्टॅक ओव्हरफ्लोने त्याची उत्तरं चिकटवायला बंदी घातली, आणि पुढच्या काळात तिथे येणारे नवे प्रश्न झपाट्याने घटले. मीही तिथे आता क्वचितच जातो, खोटं कशाला बोलू. पण या भागाची तयारी करताना मुद्दाम एका सहायकाला विचारलं, "नाव तपासायला रेगेक्स दे." पहिलं उत्तर आलं: मोठा ए ते झेड, छोटा ए ते झेड, स्पेस. मला हसू आलं. बाईंच्या वेळी निदान उत्तराखाली तारीख तरी होती, मी ती बघितली नाही इतकंच. इथे तारीखच नाही. "नाव मराठीत असेल" असं सांगितल्यावर त्याने बरोबर दिलं. म्हणजे माहिती त्याच्याकडे होती. विचारायला काय हवं ते मला माहीत असणं गरजेचं होतं.

तर माझ्या त्या ओळीचं पुढे काय झालं?

जावास्क्रिप्टमध्ये रेगेक्स प्रमाण झाले ते डिसेंबर १९९९ मध्ये, भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत. त्यात "शब्दातलं अक्षर" म्हणजे ए ते झेड, शून्य ते नऊ आणि अंडरस्कोर, एवढंच. आजही बॅकस्लॅश डब्ल्यूचा अर्थ तोच आहे. आणि बॅकस्लॅश डी देवनागरी आकडे ओळखत नाही. कुठल्याही लिपीतलं अक्षर ओळखायची सोय आली २०१८ च्या आवृत्तीत: बॅकस्लॅश, छोटा पी, महिरपी कंसात मोठा एल, आणि शेवटी यू हा फ्लॅग. मधली एकोणीस वर्षं ते काम करायला बाहेरची लायब्ररी लागायची.

मी मोठ्या उत्साहात ते लावलं. "कमल" टाकून बघितलं, चाललं. मग "सुनीता" टाकलं आणि पुन्हा तेच: कृपया फक्त अक्षरे वापरा. कारण युनिकोडच्या हिशेबात उकार, वेलांटी, काना, अनुस्वार, हलन्त हे "अक्षर" या वर्गात येतच नाहीत. त्यांचा वर्ग "मार्क". "कमल"मध्ये एकही मात्रा नाही म्हणून ते सुटलं होतं. एलबरोबर महिरपी कंसात मोठा एमही घातला. सुनीता चालली.

मग टेस्टिंगला बसलेल्या सहकाऱ्याने आपल्या मामांचं आडनाव टाकलं, "कुऱ्हाडे". माझ्या मशीनवर चाललं, त्याच्या मोबाइलवर नाही. दिसायला दोन्ही सारखेच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, की आपला तो चंद्रकोरीसारखा अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त पाठवतात, काही साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. ते चिन्ह अक्षरही नाही आणि मार्कही नाही. ते मी त्या नियमात घालू शकलो असतो. पण तेव्हा एका सीनियर मॅडमनी मला पॅट्रिक मॅकेन्झी यांचा २०१० मधला एक लेख वाचायला दिला, नावांबद्दल प्रोग्रॅमर कोणकोणते गैरसमज बाळगतात त्याची यादी. पाठोपाठ डब्ल्यूथ्रीसीचं जगभरातल्या नावांवरचं मार्गदर्शक पान. दोन्ही वाचून झाल्यावर मी विचारलं, "मग मॅडम, रेगेक्स कोणता लावू?" त्या म्हणाल्या, "नावाला रेगेक्स कशाला लावतोयस?"

आता तुम्ही विचाराल, तू स्वतः रोज काय वापरतोस. एमडीएन, आणि त्यातही पानाच्या वरची बेसलाइनची पट्टी. २०२३ पासून ही सुरू झाली. एखादी सोय सगळ्या मुख्य ब्राउझरांत कधीपासून चालते ते ती सांगते. मला लेखाखाली शोधावी लागायची ती तारीख इथे थेट मिळते. जुन्या ब्राउझरांसाठी कॅन आय यूझ. सलग शिकायचं असेल तर फ्रीकोडकॅम्प किंवा ओडिन प्रोजेक्ट, दोन्ही फुकट. दुसरं जरा अंगावर येतं, पण स्वतः वाचून शोधायची सवय लावतं. आणि आवडलेल्या पानावर कंट्रोल यू. आता तिथे बहुतेकदा एका ओळीत दाबून बसवलेला, न वाचता येणारा कोड दिसतो. म्हणून त्याऐवजी डेव्हटूल्स उघडा. त्या खिडकीची आजची घडण बरीचशी जो हेविट यांच्या २००६ मधल्या फायरबगवरून आलीय. ती गोष्ट पुढच्या भागात.

पतसंस्थेच्या त्या फाइलमध्ये नावाच्या रकान्यावर आता नियम नाही. रिकामं नको आणि फार लांब नको, एवढंच. जिथे ती ओळ होती तिथे मी मराठीत एक कमेंट टाकून ठेवलीय: इथे रेगेक्स लावण्याआधी "कुऱ्हाडे" लिहून बघा, दोन वेगळ्या कीबोर्डांवरून.